फुकटची तिजोरी आणि तिची किल्ली

व्यापाऱ्याचा माल दुकानात असतो, पण त्याचा धंदा चोपडीत असतो. कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, कोणाला कोणत्या भावाने माल दिला, हे सारे त्या चोपडीत असते. म्हणून रात्री ती गल्ल्याबरोबर कुलपात ठेवण्याची आपली जुनी पद्धत. आता चोपडी कॉम्प्युटरमध्ये गेली आहे, कुलूप मात्र मागेच राहिले आहे.

पेण आणि रोह्याच्या दरम्यान असलेल्या कासूसारख्या गावाचा विचार करा. कॉम्प्युटर बिघडला की तो बहुधा पेणला किंवा रोह्याला दुरुस्तीला न्यावा लागतो. त्याच्याबरोबर उधारीची यादी, बँकेचे उतारे, गिऱ्हाइकांच्या आधार व पॅन कार्डाच्या प्रती आणि घरचे कागदही परक्याच्या टेबलावर जातात. “कॉम्प्युटर उघडायला पासवर्ड आहे ना,” असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु तो पासवर्ड ही दाराची कडी आहे, तिजोरीचे कुलूप नव्हे. पुष्कळ जुन्या कॉम्प्युटरांतील हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की आतील फाईली सरळ वाचता येतात. गिऱ्हाइकाचे कागद ही आपल्याकडील अमानत आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

यावर उपाय म्हणजे फाईली कूटबद्ध करून ठेवणे. कूटबद्ध करणे म्हणजे मजकुराची गणिताने अशी उलथापालथ करणे की पासवर्डाशिवाय तो कोणालाच वाचता येऊ नये. यासाठी ‘ए.ई.एस.’ नावाची रीत सर्वाधिक वापरली जाते. दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली आणि २००१ साली अमेरिकेने ती सरकारी प्रमाण म्हणून स्वीकारली.

ही रीत वापरणारे ‘व्हेराक्रिप्ट’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. आधी ‘ट्रूक्रिप्ट’ नावाचे सॉफ्टवेअर होते. ते २००४ मध्ये आले आणि २०१४ मध्ये त्याच्या कर्त्यांनी काम थांबवले. त्याच पायावर २०१३ पासून व्हेराक्रिप्ट उभे राहिले. फुकट म्हणजे कमअस्सल, असे येथे समजू नये. त्याची आतली मांडणी सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. २०१६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी ती तपासली, दोष दाखवले आणि त्यांतील बरेचसे गंभीर दोष लगेच दूर करण्यात आले.

वापरण्याची रीत अशी. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे, कोणाच्या पेन ड्राईव्हवरून नव्हे. ‘क्रिएट व्हॉल्यूम’ निवडून किती मोठी तिजोरी हवी ते सांगावे. हिशेब आणि कागदपत्रांसाठी दोन-चार जी.बी. बहुधा पुरतात. मग पासवर्ड द्यावा. तो वीस अक्षरांहून लहान असला तर सॉफ्टवेअर स्वतःच इशारा देते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडले तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. दुकानाचे नाव, मुलाचे नाव, मोबाईल नंबर हे घालू नये. तयार झालेली तिजोरी बाहेरून एका साध्या फाईलसारखी दिसते. पासवर्ड देऊन ‘माउंट’ केले की ती नव्या ड्राईव्हसारखी उघडते. काम संपले की ती बंद करावी. कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना तर ती बंद आहे याची खात्री करूनच द्यावी.

आता ही तिजोरी काय करीत नाही, ते नीट समजून घ्यावे. ती चोरून वाचणाऱ्यापासून राखते, नुकसानीपासून नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवाचे उदाहरण आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या व्हायरसने कॉम्प्युटरमधील माहितीच कूटबद्ध करून टाकली होती, आणि खंडणी भरूनही ती परत मिळण्याची सोय नव्हती. म्हणजे तेच कुलूप, पण किल्ली मालकाकडे नाही. असा व्हायरस आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरला तर बंद तिजोरीची फाईलही तो निकामी करू शकतो. पुराचेही तसेच. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पाण्यात कागदाची वही काय आणि हार्ड डिस्क काय, दोन्ही सारख्याच जातात.

म्हणून तिजोरीच्या फाईलच्या दोन प्रती काढाव्यात. एक घरी पेन ड्राईव्हवर ठेवावी, दुसरी दुसऱ्या गावी विश्वासाच्या नातेवाइकाकडे. फाईल कुलूपबंद असल्याने ती दुसऱ्याकडे ठेवण्यात धोका नाही. दर आठवड्याला एक प्रत नवी करावी आणि प्रत झाली की पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरपासून काढून ठेवावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. ही तिजोरी हिशेब लपवण्यासाठी नाही. जी.एस.टी.च्या नियमांप्रमाणे कॉम्प्युटरवरील हिशेबाची प्रत राखणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे मागणी केल्यास फाईलचा पासवर्डही द्यावा लागतो. उलट, गिऱ्हाइकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्यावर टाकली आहे. कायद्यालाही कुलूप हवे आहे आणि किल्लीही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट किल्लीचीच. लोखंडी तिजोरीची किल्ली हरवली तर लोहार बोलावता येतो. येथे लोहार नाही. पासवर्ड गेला तर ज्यांनी सॉफ्टवेअर बनवले तेही तिजोरी उघडू शकत नाहीत. उद्या मालकच राहिला नाही तर? मयताच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचे आणि मग वारसांत वाटणी करायची, हा आपला नियम. पण कर्ज किती आणि येणे किती हे बंद फाईलमध्ये अडकले तर वारस काय फेडणार आणि काय वसूल करणार? बाहेरचा कोणी “माझे इतके येणे आहे” म्हणाला तर त्याला खरे-खोटे काय सांगणार?

यासाठी पासवर्ड कागदावर स्पष्ट अक्षरात लिहावा, लिफाफ्यात घालून लाख लावावी आणि घरच्या दागिन्यांच्या किंवा मिळकतीच्या कागदांबरोबर ठेवावा. तो लिफाफा कोठे आहे हे पत्नीला किंवा वडील मुलाला माहीत असावे. दुकानातील नोकराला नको, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तर मुळीच नको. पासवर्ड बदलला की लिफाफाही बदलावा.

सुरुवात लहान करावी. एक छोटी तिजोरी करून त्यात बिनमहत्त्वाच्या फाईली ठेवाव्यात आणि महिनाभर रोज उघडून बंद करण्याची सवय करावी. प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते की नाही तेही पाहावे. ती उघडली, आणि लिफाफ्यातील पासवर्डानेच उघडली, म्हणजे मगच खरी चोपडी आत ठेवावी.