जळजळ थांबते, मग घशाशी का येतं?

‘डॉक्टर, रोज गोळी घेतो. छातीतली जळजळ गेली, पण रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतंच. दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू का?’ हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो.

आधी गोळी कधी घेता ते सांगा. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पोहे खाऊन झाल्यावर घेतली, तर तिचा बराचसा गुण वाया जातो.

वेळ पाळूनही घशाशी येत असेल, तर दोष गोळीचा नाही. ती आम्ल कमी करते, सैल झडप आवळत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली ही झडप. कधी जठराचा वरचा भागच श्वासपटलातल्या भोकातून छातीत सरकलेला असतो. तो हायटस हर्निया.

ऑपरेशनमध्ये पोटावर चार-पाच लहान छिद्रं पाडतात, जठर खाली ओढतात, श्वासपटलातलं भोक टाके घालून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवतात. रुडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये मांडलेली ही पद्धत 1991 पासून दुर्बिणीतून होते. अन्ननलिकेचा जोर कमी असेल, तर पूर्ण वेढ्याऐवजी 270 अंशांचा देतात.

हा जोर मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीत, कळतो. एंडोस्कोपी झाली म्हणून ही तपासणी टाळू नका. ॲकॅलेशिया या आजारात झडप नीट उघडतच नाही, तरी रुग्ण ‘जळजळ’च सांगतो. त्याला वेढा घातला, तर घास उतरणंच मुश्किल. एंडोस्कोपीत ठोस काही दिसलं नाही, तर अन्ननलिकेत येणारं आम्ल मोजणारी 24 तासांची पीएच चाचणीही हवी. गोळीने थोडाफार तरी आराम पडणाऱ्यांना ऑपरेशन अधिक मानवतं. काडीचाही फरक पडत नसेल, तर दुखणं दुसरंच असू शकतं. चालताना छातीत जळजळत असेल, तर आधी हृदय तपासा.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मऊ भात, खिचडी. भाकरी आणि पाव काही आठवडे बंद, कारण सुजेमुळे घास अडकतो. ढेकर धड येत नाही, पोट फुगतं, वारा जास्त सरतो. लाजेपोटी हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. काहींना पुढे काही वर्षांनी गोळ्या पुन्हा लागतात.

वजन फार असेल, तर नुसत्या वेढ्यापेक्षा जठराचं बायपास बरं पडतं. वजन उतरवण्यासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठराचा बराच भाग कापून ते अरुंद करण्याचं, ऑपरेशन कुणी सुचवलं, तर घशाशी येतं हे आवर्जून सांगा. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो.