शिशूंचा दिवास्वाप : शय्याविचार

प्रस्तावना
दिवास्वाप कफकर म्हणून सामान्यतः वर्ज्य असला, तरी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात बालकांना तो सर्व ऋतूंत विहित मानला आहे. म्हणून शिशूने दिवसा कोठे व कसे निजावे, एवढाच प्रश्न उरतो. रत्नागिरीनजीकच्या मिरजोळे परिसरात आई औद्योगिक वसाहतीत कामास गेली, की आजी घरकाम सांभाळून झोळीला झोका देते. रात्री आई कुशीत असते. दिवसा मात्र शिशूकडे अखंड लक्ष राहतेच असे नाही.

शास्त्राधार
चरक शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात शिशूची शय्या, आस्तरण व प्रावरण मृदू, लघु, शुचि व सुगंधी असावीत, असे सांगितले आहे. स्वेदमलादींनी दूषित वस्त्रे टाकावीत. दुसरी नसल्यास तीच धुऊन, धूपित करून व वाळवून वापरावीत. निजलेल्या बालकास एकाएकी जागे करू नये, असे सुश्रुताचार्य सांगतात.

येथे 'मृदू' म्हणजे स्पर्शास सुखद, असा अर्थ घेणे हितावह होय. शिशूचे मुख रुतेल अशी गादी त्यातून अभिप्रेत धरू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये शिशूंना पालथे न निजविण्याचा सल्ला दिला. १९९४ पासून त्याचा व्यापक प्रचार झाला व पुढे तेथील निद्रेतील आकस्मिक शिशुमृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

व्यवस्था
१) पहिले वर्षभर प्रत्येक निद्रेसाठी शिशूस उताणे निजवावे.
२) शय्या सपाट व घट्ट असावी, सतरंजीवर ताणून घातलेले एकच सुती वस्त्र पुरे. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी व खेळणी दूर ठेवावीत.
३) झोळीत पाठ वाकून हनुवटी छातीस टेकते व श्वासमार्ग संकोचतो. झोळीत डोळा लागल्यास शिशूस उचलून सपाट शय्येवर ठेवावे.
४) गळ्यात काळा दोरा, वेखंडाची माळ वा ताईत नसावा.
५) कोकणच्या दमट उन्हाळ्यात टोपडे व जाड दुपटे काढावे. मान व छाती घामेजली असल्यास उष्णता अधिक झाली, असे समजावे.
६) धूपन शिशू नसताना करून खोली मोकळी करावी. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू गंधहीन असतो.

उपसंहार
झोळी टाकून द्या, असे सांगितल्यास आजी दुखावते आणि सल्लाही वाया जातो. 'झोका झोळीत, झोप सपाट शय्येवर' एवढे सांगितल्यास ती सहज स्वीकारते. सूतिकापरिचर्येच्या पहिल्याच भेटीत चिकित्सकाने शिशूची शय्या स्वतः पाहावी. निजलेले शिशू निळसर दिसल्यास वा त्याचा श्वास अडखळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.