पट्ट्याने भोक बुजत नाही

भिवंडीत नारपोलीच्या कारखान्यात यंत्रमागावर सुताचे जड बीम चढवण्यात माझी वीस वर्षं गेली. एके दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ दिसली. उभं राहिलं की वर यायची, आडवं झालं की आत जायची. डॉक्टर म्हणाले, "हर्निया आहे. सवडीने ऑपरेशन करून घ्या." पण खाडा झाला की मजुरी बुडते. मी मेडिकलमधून पट्टा आणला आणि तीन वर्षं ढकलली.

एका रात्रपाळीला बीम उचलताना कळ आली. गाठ दगडासारखी घट्ट झाली, आत जाईना. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. तरी मी सकाळपर्यंत कळ काढली. तोवर स्नायूंमधल्या भोकात आतडं आवळून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. जाळी बसवून एक-दोन दिवसांत घरी येता आलं असतं. त्याऐवजी पोट उघडून काळं पडलेलं आतडं कापावं लागलं. बीमचं काम कायमचं सुटलं.

वॉर्डात पडल्यापडल्या एक गोष्ट कळली. ऑपरेशन म्हटलं तरी प्रत्येकाचं कारण वेगळं. शेजारच्या पोराचं अपेंडिक्स जीव वाचवायला रातोरात काढलं. समोरच्या काकांच्या गाठीचा तुकडा काढला, तो रोग कोणता हे कळावं म्हणून. एका आजोबांचा गुडघा बदलायचा होता, चालता यावं म्हणून. माझं ऑपरेशन साध्या दुरुस्तीचं होतं. टाळाटाळ करून मी ते जिवावर आणलं.

म्हणून डॉक्टरांना चार गोष्टी विचाराच: हे कशासाठी? किती दिवस थांबता येईल? नाही केलं तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? गरज नसताना घाईने केलेलं ऑपरेशनही घातकच. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्याची 2019 मध्ये सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते तो सांगतो.

आणि हर्निया असलेल्यांनो, गाठ घट्ट होऊन दुखू लागली, आत जाईना, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर ती दाबत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन करा.