अंजन, थेंब आणि दृष्टी

‘डोळ्यांत अंजन घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. डोळ्यांत औषध घातले की दृष्टी उजळते, ही समजूत आपल्या भाषेतच रुजलेली आहे. त्यामुळे डोळ्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी वस्तू, कोणाचीही बाटली कोणीही वापरावी, असा आपला समज होतो. मी कला शाखेचा विद्यार्थी; औषधशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु आजीला काचबिंदू असल्यामुळे गेली तीन वर्षे तिच्या डोळ्यांत थेंब घालण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने जे वाचले व डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. सांगावयाचे आहे ते एवढेच, की रोगाचे नाव कळल्यावाचून थेंबाचे नाव ठरविता येत नाही.

प्रथम निदानाच्या औषधांकडे वळू. डॉक्टर तपासणीपूर्वी डोळ्यांत थेंब घालून आपल्याला बाकावर बसवून ठेवतात. हा थेंब बहुधा ट्रोपिकामाइडचा असतो. त्याने वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते आणि आतील दृष्टिपटल नीट पाहता येते. मधुमेहाने दृष्टिपटलावर झालेला परिणाम रुग्णाला जाणवण्यापूर्वीच डॉक्टरांना दिसतो, तो असा. या औषधाचा अंमल काही तासांत उतरतो. त्याच जातीचे जुने औषध म्हणजे अॅट्रोपिन. त्याचा अंमल आठवडाभर किंवा अधिकही टिकतो. ते बेलाडोना या वनस्पतीत सापडते. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सुंदर स्त्री’. डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिकडील स्त्रिया तिचा रस डोळ्यांत घालीत, असे सांगतात. ‘अॅट्रोपा’ हे तिचे शास्त्रीय नाव मात्र आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवतेवरून आले आहे. सौंदर्य आणि मृत्यू एकाच झाडाच्या नावात आले, ते उगीच नव्हे. आपल्याकडील धोत्र्यातही हीच द्रव्ये असतात. धोत्रा हाताळून तोच हात डोळ्याला लावला, तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसू लागते.

दुसरे औषध म्हणजे फ्लुओरेसीन हा नारिंगी रंग. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी तो १८७१ साली तयार केला. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा असेल तर तेथे हा रंग धरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. तिसरे औषध बधिरतेचे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या डोळ्याची शस्त्रक्रिया सुसह्य झाली. आज त्याऐवजी प्रोपॅराकेनसारखी औषधे वापरतात. ती तपासणीपुरतीच असतात. दुखणे थांबते म्हणून घरी वारंवार घातली, तर कॉर्निया भरून येत नाही व कायमचा बिघडतो.

आता उपचाराची औषधे. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची एक विषारी बी आरोपीला खाऊ घालून त्याचा अपराध ठरवीत असत. तिच्यातून काढलेले औषध १८७६ साली लाकर यांनी काचबिंदूवर वापरले. ते स्वतःही या रोगाने ग्रस्त होते. पुढे पिलोकार्पिन आले, १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली, १९९६ साली लॅटॅनोप्रोस्टला. टिमोलॉल डोळ्यांत द्रव कमी तयार होऊ देते. लॅटॅनोप्रोस्ट त्याचा निचरा वाढविते. मात्र टिमोलॉलचा अंश नाकावाटे रक्तात जातो आणि दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. म्हणून दमा असल्यास तो डॉक्टरांना अगोदर सांगितलाच पाहिजे.

आजी मला विचारते, “अरे, रोज घालतोस, पण दिसण्यात फरक कुठे पडतो?” तिचा प्रश्न रास्त आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही थेंबाने परत येत नाही. आहे ती टिकविणे एवढेच थेंबाचे काम. फायदा दिसत नाही म्हणून अनेक रुग्ण औषध सोडतात आणि उरलेलेही गमावतात.

सर्वांत मोठा धोका लाल डोळ्याचा. डोळे आले, कुसळ गेले, काचबिंदूचा झटका आला, तरी डोळा लालच होतो. आमच्या गावातील एका ऊसतोड कामगाराच्या डोळ्याला पाचटाचे पाते लागले. त्यांनी दुकानातून चिठ्ठीवाचून थेंब आणले. दोन दिवस लाली कमी झाली, ते कामावर गेले. थेंबात स्टिरॉइड होते आणि जखमेत बुरशी. स्टिरॉइड सूज उतरविते, पण शरीराची प्रतिकारशक्तीही दडपते. बुरशीला रान मोकळे मिळते. तिच्यावर नॅटामायसिनसारखे वेगळे औषध लागते. ते मिळेपर्यंत डोळ्यात फूल पडले होते. योग्य रोगात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हेच स्टिरॉइड दृष्टी वाचविते. दीर्घकाळ मनाने घातले तर काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात.

शेवटी थोडे व्यवहाराचे. हात धुवावेत, खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा. डोळ्यांत त्याहून अधिक मावत नाही. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. डोळा मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे दाबावा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व साधारण महिन्यानंतर ती टाकून द्यावी.

वसतिगृहातील आपल्या कपाटांत अर्धवट वापरलेल्या अशा कितीतरी बाटल्या असतील. मित्राचा डोळा लाल दिसला, तर त्याला त्यांतील एखादी देऊ नये. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.