लेकीच्या इंजिनिअरिंगचा खर्च कसा पेलायचा?

प्रश्न : आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे, सोयाबीनवर घर चालतं. आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो. मुलीला इंजिनिअरिंगला जायचं आहे. कर्ज काढावं का?
– एक पालक, मेहकर तालुका

उत्तर : भाऊ, कर्जाचा विचार सगळ्यात शेवटी करा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश ‘कॅप’ म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतलात, तर ही सवलत जाते. एजंटच्या नादी मुळीच लागू नका.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र आताच काढा. मुलीचं बँक खातं आधारशी जोडा. ‘महाडीबीटी’ पोर्टलवर या सवलतीचा अर्ज दरवर्षी करावा लागतो.

शुल्क माफ झालं तरी खोलीभाडं आणि मेस उरतेच. पुण्यासारख्या शहरात हाच खर्च घराला जड जातो. आपल्याच जिल्ह्यात शेगावला 1983 पासूनचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पसंतीक्रमात त्याचा जरूर विचार करा. शासकीय वसतिगृहाची आणि इतर मागासवर्गीयांसाठीच्या सावित्रीबाई फुले आधार योजनेची चौकशी बुलढाण्याच्या कार्यालयात करा. प्रवेशापूर्वी कॉलेजकडून सर्व शुल्कांचा तपशील लेखी घ्या.

एवढं करूनही कमी पडलं, तर तेवढ्यापुरतंच शैक्षणिक कर्ज बँकेतून घ्या. सावकाराकडे जाऊ नका, शेत विकू नका.