दाखल करताना विचारून घ्या

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या घरांत बहुधा दोघंही नोकरीला आणि नातेवाईक गावाकडे. घरातल्या कुणाचा मानसिक आजार किंवा दारू हाताबाहेर गेली, की ‘गाडी पाठवतो, काळजी करू नका, महिनाभर भेटायला मात्र येऊ नका’ म्हणणारं उपचार केंद्र देवासारखं वाटतं. मला त्यातली शेवटची अट सगळ्यांत धोक्याची वाटते. कोंडून ठेवलेल्या माणसाचा जीव कुलपाच्या भरवशावर राहत नाही, त्याच्याकडे कुणीतरी सतत पाहावं लागतं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या एका जागी आग लागली आणि साखळदंडांमुळे पळता न आल्याने २८ जण गेले. पण मरण यायला आगच लागते असं नाही. दारू एकदम तोडली, की पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. अशा वेळी औषध, पाणी आणि डॉक्टर लागतात. ‘नाटकं करतोय’ म्हणत बांधून ठेवलं तर आजारच दिसेनासा होतो. पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो, तासन्‌तास बांधून ठेवलं तर पायात गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ शकते.

अंगावर धावून येणाऱ्याला आवरायचं कसं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो टाळलेला नाही. साखळी आणि एकांत कोठडी बंद. बांधायचं तर तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि सतत देखरेखीखाली. कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालत नाही. बांधल्याचं पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं. ‘भेटलात तर पेशंट घरी यायचा हट्ट धरेल,’ असंही सांगतात. धरेल. पण कुणाला भेटायचं, हे ठरवण्याचा हक्क कायद्याने पेशंटला दिलाय. मनगटावरचे वळ, सुकलेले ओठ, अडखळणारी जीभ दहा मिनिटांच्या भेटीत दिसते; ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या फोनवर दिसत नाही.

म्हणून सही करण्याआधी केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र पाहा. रात्री डॉक्टर कोण, नाडी-रक्तदाब कोण तपासतं, तब्येत बिघडली तर कुठे नेणार, हे लेखी घ्या. सेंट जॉन्स रुग्णालय सर्जापूर रोडवरच आहे, निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था होसूर रोडवर, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. या प्रश्नांवर चिडणाऱ्या केंद्रात आपलं माणूस ठेवू नका.