पिग्मीचे व्याज आणि गॅलरीचा भार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तुळईवर लेख लिहिला हे पाहून आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. येऊ दे. गेल्या वर्षी आमच्या घरावर मजला चढला, तेव्हा हा विषय आपल्या पायांनी आमच्या दारात आला.

वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने एक मीटर पुढे येणारी गॅलरी काढायची होती. आईने वाळवणासाठी ती दीड मीटर मागितली. मिस्त्रीकाका बाबांना म्हणाले, "त्यात काय अवघड आहे अण्णा? गॅलरी दीडपट, तर सळ्याही दीडपट घालू." हिशेब त्रैराशिकाचा, मलाही पटला. पण पॉलिटेक्निकात स्थापत्य शिकणारा माझा एक मित्र आहे, त्याची मायबोली कन्नड. त्याला हे सांगताच तो म्हणाला, "तूक अल्ल, दूर नोडु." वजन नव्हे, अंतर बघ.

भरलेली कळशी अंगाशी धरली तर जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. वजन तेच, खांद्यापासूनचे अंतर वाढले. वजनाला अंतराने गुणून जे येते, तोच खांद्यावरचा वाकवणारा जोर. इंजिनिअर त्याला बेंडिंग मोमेंट म्हणतात. एका बाजूला भिंतीत धरलेली आणि दुसरीकडे मोकळी अशी तुळई म्हणजे कॅन्टिलिव्हर. आमची गॅलरी तीच. तिचा खांदा म्हणजे भिंत.

पण कळशीचे वजन एका जागी असते, गॅलरीचे सगळीकडे पसरलेले. मग अंतर कोठून कोठे मोजायचे? येथे मला आमची पिग्मी आठवली. रोज १० रुपये, वर्षाचे ३६५० रुपये. प्रत्येक दहाची नोट जितके दिवस बँकेत राहिली, तितक्या दिवसांनी तिला गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची. पहिल्या नोटेचे ३६५ दिवस, शेवटच्या नोटेचा एक. बेरीज येते ६,६७,९५०. म्हणजे जणू सगळे ३६५० रुपये १८३ दिवस ठेवले होते. वर्षाच्या निम्म्याहून हा आकडा अर्ध्या दिवसाने जास्त आहे. दिवसांऐवजी तास, तासांऐवजी मिनिटे धरत गेलो, की तो फरकही विरून जातो.

आता गॅलरीचे बाहेरचे टोक म्हणजे खात्याचा पहिला दिवस आणि भिंत म्हणजे अखेरचा. सारखा पसरलेला भार म्हणजे रोजची पिग्मी. तेव्हा एकूण भार गुणिले निम्मी लांबी, हा भिंतीपाशीचा जोर.

आमचे आकडे एक मीटर रुंदीच्या पट्ट्याचे. बारा सेंटिमीटर जाड काँक्रीट दर चौरस मीटरला ३०० किलो, फरशी व गिलावा १००, माणसे व सामान ३०० धरले, एकूण ७००. एक मीटरच्या गॅलरीत भार ७०० किलो, निम्मी लांबी अर्धा मीटर, जोर ३५० किलोग्रॅम-मीटर (याला किलोमीटर वाचू नये!). दीड मीटरला भार १०५० किलो, निम्मी लांबी पाऊण मीटर, जोर ७८७.५. भागाकार करा: सव्वादोनपट. लांबी दीडपट, भारही दीडपट, म्हणून दोनदा दीडपट. मिस्त्रीकाकांनी एकदाच गुणले होते. शिवाय जाडी तीच ठेवली तर टोकाचे झुकणे लांबीच्या चौथ्या घाताने, म्हणजे पाचपट वाढते, असे मित्राने सांगितले.

कठड्याची गोष्ट वेगळी. तो टोकालाच असतो, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी ठेवलेली ठोक रक्कम. तिला निम्म्याची सवलत नाही, पूर्ण लांबीने गुणायचे.

स्वतःच्या वजनाचा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. तुळईची ताकद मोजताना मात्र तो चुकला. सगळा छेद सारखाच ताणला जातो असे त्याने धरले, त्यामुळे उत्तर तिप्पट आले. खोडरबर एका टोकाला धरून दुसरे टोक खाली दाबा: वरची बाजू ताणली जाते, खालची दबते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून गॅलरीत मुख्य सळ्या वरच्या अंगाला हव्यात. खोलीच्या स्लॅबमध्ये त्या मधोमध खाली असतात. सवयीने गॅलरीतही खाली गेल्या, तर त्या असून नसल्यासारख्याच.

हे सगळे कागदावर मांडून मी बाबांपुढे ठेवले. "तू बीकॉम ना रे?" एवढेच ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी इंजिनिअरकडे गेले. नकाशा आला: गॅलरी दीड मीटरच, पण भिंतीपाशी स्लॅब जाड आणि टोकाकडे पातळ, कारण टोकाला जोर शून्य. विटांच्या कठड्याऐवजी पाइपचा. वरच्या सळ्या खोलीच्या स्लॅबमध्ये लांबवर मागे नेलेल्या. मिस्त्रीकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

स्लॅब टाकण्याच्या दिवशी घमेली घेतलेली माणसे त्या वरच्या सळ्यांवरूनच ये-जा करू लागली आणि सळ्या खाली दबू लागल्या. मी ओरडलो. मिस्त्रीकाकांनी माझ्याकडे पाहिले, सळ्यांकडे पाहिले, आणि स्वतःच फळ्या आणून आडव्या टाकल्या. वाकलेल्या सळ्या उचलून त्यांखाली पुन्हा टेकण लावायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला.